दुधनीकराच्या गावी

मी दापोलीकडची. आमच्याकडे अमावस्येला माणूस फार तर बाजारापर्यंत जातो, त्यापलीकडे पाऊल टाकत नाही. त्यामुळे ऐन मार्गशीर्षातल्या अमावस्येला मला सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतात पोचायचंय असं फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या त्या जंतूंना पौर्णिमा चालत नाही का गं?"

जंतू माझेच, हे खरं. पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या पाठी लागले आहे. एव्हाना नातेवाइकांनीही "अजून संपलं नाही का तुझं?" हे विचारणं सोडून दिलंय. ते नुसते माझ्याकडे बघतात आणि ताटात एक पुरणपोळी जास्त वाढतात.

सांगते काय ते, म्हणजे मी एवढी लांब का गेले ते कळेल. कुठलंही पान वाढत असताना एक वाफ सोडतं. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तिच्यात मिथेनॉल असतं, म्हणजे स्पिरिटचा धाकटा भाऊ. कार्बनचा एकच अणू असलेलं अगदी साधं रसायन. आणि पानावर काही गुलाबी जिवाणू राहतात, ते या वाफेवर जेवतात. पान वाढतंय, उसासे टाकतंय आणि कोणीतरी त्या उसाशांवर पोट भरतंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दिवसभर कॉलेजच्या आवारातल्या झाडांकडे बघत हिंडले होते. माझं काम म्हणजे या जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांच्यातली सगळी जनुकं, वाचायचे आणि एकमेकांशेजारी मांडायचे. लग्नात सगळ्या चुलत-मावस भावंडांना ओळीनं उभं करून कोणाचं नाक कोणावर गेलंय ते बघतात ना, तसंच.

त्या ओळीत एकजण गोंधळ घालत होता. त्याला आम्ही 'दुधनीकर' म्हणतो. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हा अक्कलकोट तालुक्यात, दुधनीजवळच्या एका गावी त्यांनी ज्वारीच्या पानावरून त्याला उचललं. आला तेव्हा मिथेनॉल खात होता, तशी नोंद आहे. मग तो आमच्या फ्रीजरमध्ये राहिला. अधूनमधून त्याला बाहेर काढायचं, सूपासारखं तयार अन्न घालायचं, परत झोपवायचं. आता मिथेनॉल समोर ठेवलं तर ढुंकूनही बघत नाही. त्याचा जीनोम वाचला, तर मिथेनॉल खायला लागणारा जनुकांचा एक अख्खा पट्टा, जो बाकी सगळ्या भावंडांकडे आहे, तो याच्याकडे नाहीच.

मी प्रबंधात ठोकून दिलं की आयतं खाऊन खाऊन यानं तो पट्टा आमच्याकडे गमावला. मॅडमनी ते पान माझ्यासमोर ठेवलं.

"पुरावा कुठाय? कदाचित त्याच्याकडे तो कधी नव्हताच. त्याच शेतातला त्याचा भाऊबंद आण, वाच, शेजारी ठेव. नाहीतर हे प्रकरण काढून टाक."

आता हे प्रकरण काढलं तर मागे उरते ती प्रस्तावना आणि आभार. मी शेतमालकाचा, मल्लिनाथचा, नंबर मिळवला. तो म्हणाला, "यंदाच या मॅडम. पुढच्या वर्षाला तितं ज्वारी न्हाय, ऊस हाय. पाणी आलंय की आता."

मी त्याला बजावलं की पंधरा दिवस पिकावर कसलीही फवारणी करायची नाही. तो म्हणाला, "थेंब पडू देत न्हाय. तुमी अमावस्येलाच या. त्या दिवशी आमी समदे रानात असतो."

सोलापूरहून पुढं

सोलापूरला रात्रीपुरती टेकले होते. सकाळी स्टँडवर आले तेव्हा उजेड अजून पुरता जागा झाला नव्हता. थंडी कोरडी. आमच्याकडची थंडीसुद्धा जरा ओलसर असते, अंगाला चिकटते. ही नुसती शेजारून जाते. चहावाल्याच्या बाकावर दोन बायका तेलुगूत बोलत होत्या, चहावाला त्यांना मराठीत उत्तर देत होता आणि पोऱ्याला दखनीत दामटत होता. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे.

गाडीत मी थर्माकोलचा डबा मांडीवर धरून बसले. आत माझ्या बशा. झाकणाच्या, चपट्या, तळाला पांढुरकं जेलीसारखं माध्यम ओतलेलं. त्यात क्षार आणि मिथेनॉल, दुसरं काही नाही. ज्याला मिथेनॉल खाता येतं तोच तिथं वाढेल, बाकीचे उपाशी. शेजारच्या मावशींनी बराच वेळ दम धरला. शेवटी विचारलंच, "खरवस हाय व्हय गं?" मी म्हटलं, तसंच काहीसं आहे. "मंग उन्हात नगं ठिवू," म्हणाल्या आणि आपल्या पदराची सावली डब्यावर धरली. अक्कलकोट गेलं तरी तो पदर तसाच होता.

पुढे कंडक्टर हळूहळू कानडीत शिरला. नक्की कुठल्या थांब्यावर ते मला सांगता येणार नाही. खिडकीबाहेर काळं रान, मग तूर, मग ज्वारी, परत काळं रान. कोकणात नजर कुठं ना कुठं डोंगराला अडते. इथं ती सोडली की जातच राहते, आणि मग आपणही तिच्यामागे जातो. मी दोनदा उतरायचं गाव विसरले आणि दोनदा मावशींनी मला हलवलं.

रानात

मल्लिनाथ मोटारसायकल घेऊन आला होता. तिशी-पस्तिशीतला, बोलता बोलता मध्येच हसणारा. रानात पोचलो तर तिथं जत्राच. इकडे या अमावस्येला येळवस म्हणतात. घरातलं एकही माणूस गावात थांबत नाही, गावं अगदी ओस पडतात. शेताच्या मधोमध ज्वारीच्या ताटांची कोप केलेली, म्हणजे छोटीशी झोपडी, आणि आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले. ते पांडव. माझ्या आईनं ज्या दिवसाला नाक मुरडलं तो इथला सगळ्यात लाडका दिवस निघाला.

मल्लिनाथची आई कोपीपाशी बसली होती. तिला सगळे अव्वा म्हणतात, कानडीत आई. उंच, हडकुळी, कपाळावर भस्माचे पट्टे. मॅडमचं नाव सांगताच तिला आठवलं. "ती चष्म्याची पोर व्हय? पान न्ह्यायला आल्ती. आमचं मालक म्हनलं, येडी हाय पर गुणाची हाय." तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू बी तसलीच का?"

मी हो म्हटलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मग माझ्या हातात मातीचं मडकं आलं. आत आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, आंबवून गार केलेली. दुसऱ्या हातात डहाळी. आलेल्या लेकीबाळीनं रानाला जेवायला घालायचं असतं, अव्वा म्हणाली. पुढे मल्लिनाथ, कानडी वळणाची एक लांब हाक देत. मागे मी, डहाळी बुडवून पिकावर शिंपत. हाकेचा अर्थ विचारला तर त्यालाही नीट सांगता येईना. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. ऊन पानांतून गाळून येत होतं, आंबिलीचा आंबूस वास, थेंब पडला की पान जरासं लवायचं आणि परत वर यायचं. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. आपण कोण, कशाला आलो, सगळं मागे कुठंतरी राहिलं होतं. मी मोठ्या मायेनं शिंपत होते, एकही ताट सुटू नये म्हणून.

शेवटच्या ताटावर थेंब पडला आणि माझा हात हवेतच थांबला.

आंबील म्हणजे काय? ताकातले जिवाणू, यीस्ट आणि वर त्यांना पोटभर पीठ. माझ्या उपाशी बशीवर हे पान टेकवलं की तिथं पंगत बसणार, आणि त्या गर्दीत माझा गुलाबी कुठं सापडायचा? पंधरा दिवस ज्या माणसानं शेतावर औषधाचा थेंब पडू दिला नाही, त्याच्यामागून चालत मीच हे केलं होतं. मल्लिनाथला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "पर ही काय फवारणी न्हाय की मॅडम," तो म्हणाला. "ही आंबील हाय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. रानाला जेवायला घालणं आणि फवारणी करणं या गोष्टी त्याच्या डोक्यात एका रांगेत येतच नाहीत. माझ्याही आल्या नव्हत्या.

जेवण मात्र मी रडवेल्या तोंडानं का होईना, पोटभर केलं. येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याची पानं, तुरीचे ओले दाणे, शेंगदाणे, असेल नसेल ती भाजी बेसनात शिजवलेली. बरोबर ज्वारीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, शेंगांची चटणी, गव्हाची खीर. आम्ही नारळाशिवाय घास न उतरणारी माणसं. इथं नारळ कुठं नाही आणि त्याची आठवणही आली नाही. मी तिसऱ्यांदा भज्जी घेतली तेव्हा अव्वा सुनेला म्हणाली, "दुःख झालंय म्हनं. वाढ."

मग सगळे जिथं सावली मिळाली तिथं आडवे झाले. मीही शेताच्या एका कोपऱ्यात जाऊन पडले. डोळे अर्धे मिटलेले. वर पानं, त्यांच्या वर आभाळ, आणि मधूनच कोणाचं तरी कानडी हसणं. मला वाटायला लागलं की मला ती वाफ दिसते आहे. प्रत्येक पानातून हलकी वर चाललेली, आणि त्यात गुलाबी काहीतरी तरंगतंय. कितीतरी वेळ मी ती बघत होते. या कोपऱ्यातली ज्वारी ठेंगणी होती, कारण पहिलं बी उगवलं नाही म्हणून इथं दुसऱ्यांदा पेरलं होतं. ताटांच्या शेंड्याला अजून पोंगा होता, म्हणजे शेवटचं पान गुंडाळलेलं, न उघडलेलं.

मी उठून बसले. पोंग्याच्या आतल्या घडीवर आंबील कुठली पडायला? आणि वाफ सगळ्यात जास्त सोडतं ते वाढतं, कोवळं पानच. त्याच्या पोटात कणीस असतं. ते एकदा बाहेर पडलं की नवं पान नाही. पुढच्या आठवड्यात येऊन उपयोग नव्हता, पुढच्या वर्षी तर नव्हताच.

मी अव्वाकडे गेले आणि काही पोंगे मागितले.

"एक पोंगा म्हंजी एक कणीस," ती म्हणाली.

"हो."

"आज न्हाय. येळवशीला उभ्या पिकाला हात लावत न्हाईत."

मी म्हटलं, रात्री दव पडेल, दवाबरोबर आंबील ओघळून पोंग्यात उतरली तर सगळंच जाईल. आत्ताच हवेत. मी बरंच बोलले, शेवटी आवाजही चढला असेल. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. "उतरंल न्हाय तर न्हाय उतरनार," ती म्हणाली. "शेवटली ज्वारी हाय, पोरी. आज तिला जेवायला बसवलंय. ताटावरनं उठवू व्हय?"

मला राग आला होता आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. संध्याकाळी कोपीपाशी दूध उतू घातलं, तेव्हा ते पूर्वेला गेलं, म्हणजे साल चांगलं जाणार, म्हणून सगळे खूश झाले. मीही बळेच हसले.

दुसरी सकाळ

अव्वानं मला उठवलं तेव्हा नुकतं फटफटत होतं. रान दवानं राखाडी झालेलं. आम्ही दोघीच. तिनं स्वतः एकेक ताट वाकवून पोंगा उपसला, आवाज न करता. मी तो उलगडायचा, फिक्या हिरव्या पानाची आतली बाजू बशीवर अलगद टेकवायची, जरा दाबायची, उचलायची. जेलीवर शिरांचा ठसा उमटतो, आणि तेवढंच. बाकी काही दिसत नाही. अव्वा झाकणं धरून होती.

"हे पानाचं छाप झालं. मंग?"

"मग थांबायचं. उगवलं तर उगवलं."

"पेरणीच की," ती म्हणाली आणि पुढचं ताट वाकवलं.

मी तिला विचारलं, ज्वारी जाणार याचं वाईट नाही वाटत? तिनं पोंगा माझ्या हातात दिला. "लई वाटतंय. पर उसाला पानी मिळतंय तर पोरानं का कोरडवाहूत मरावं?" मग आम्ही घरी गेलो आणि तिनं मला कडक भाकरीची चवड बांधून दिली.

परत आल्यावर

आंबील पडलेल्या पानांचेही काही ठसे मी आणले होते, उगाच आशेनं. त्यांच्यावर अपेक्षेप्रमाणे पांढरी साय धरली. पोंग्यांच्या बशा मात्र स्वच्छ होत्या. रोज बघायचे, रोज स्वच्छ. मला वाटलं, संपलं.

आणि मग एका सकाळी बशीवर पान उमटलं होतं. गुलाबी. बारीक बारीक ठिपक्यांनी, शिरेच्या बाजूनं, टोकापर्यंत. मी ती बशी खिडकीशी धरून उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आनंद फार टिकला नाही. ठिपके उचलून नव्या स्वच्छ बशीवर, त्याच मिथेनॉलवर लावले, तर एकही वाढेना. सूपावर लावले की वाढायचे. जीनोम वाचून आला. मी तो दुधनीकराशेजारी मांडला. सख्खे भाऊ, आणि दोघांकडेही तो पट्टा नाही.

म्हणजे दुधनीकरानं आमच्याकडे काही गमावलं नव्हतं. त्या शेतातल्या कोणाकडेच ते नव्हतं. माझं म्हणणं साफ आडवं झालं. "काढून टाक," मॅडम म्हणाल्या, पण हळू आवाजात. मी दोन दिवस प्रयोगशाळेत गेलेच नाही. आईला फोन केला, तर तिनं अमावस्येचा विषय काढला नाही. यावरून माझा आवाज कसा लागला असेल ते समजा.

पण एक गोष्ट पिच्छा सोडेना. पट्टा नाही, तर मग पहिल्या बशीवर ते काय खाऊन वाढले? मी त्या बशीचे फोटो काढले होते. मोठे करून बघत बसले. गुलाबी ठिपके जिथं दाट होते तिथं जेलीवर काळसर कण होते. धूळ. दवाबरोबर पोंग्यात उतरलेली काळ्या रानाची धूळ, पानावरून बशीवर आलेली.

मी परत जीनोम उघडला. त्या पट्ट्यातल्या मुख्य जनुकाचा एक चुलतभाऊ दुधनीकरासकट सगळ्यांच्याच जीनोममध्ये असतो. तोही मिथेनॉल खायचंच काम करतो, पण त्याला मातीतल्या काही दुर्मीळ धातूंचा अगदी लेशमात्र अंश लागतो. तो नसेल तर हा ढिम्म. दुसऱ्यांकडे पट्टा असल्यामुळे मी याच्यावरून नजर नुसती सरकवत आले होते. आणि आमचं माध्यम इतकं शुद्ध, इतकं गाळलेलं, की त्यात मातीचा कण शोधून मिळायचा नाही.

मल्लिनाथला फोन केला. त्यानं काही न विचारता एस.टी.नं माती पाठवली, कापडात गाठोडं बांधून, सोबत शेंगांची चटणी. माती उकळली, गाळली, त्या पाण्याचे थेंब बशीत मिसळले. नव्या गुलाबींना राहू दिलं आणि फ्रीजरमधून दुधनीकराला काढलं. मॅडमनी त्यांच्या तरुणपणी आणलेला, तोच. मिथेनॉलवर लावला. माती नसलेली एक बशी शेजारी ठेवली.

ती अजून कोरी आहे. मातीच्या बशीवर तो आला, आणि चांगला भरभरून आला. प्रकरण काढावं लागलं नाही, पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहावं लागलं.

अव्वाला मी स्वतः फोन लावला. तिला हे कसं सांगावं याची मी चार वेळा उजळणी केली होती. सांगितलं की तुमच्या शेतातला एक जीव इतकी वर्षं आमच्याकडे होता, आपलं नेहमीचं खाणं खाईना, आम्हाला वाटलं त्याची सवय गेली. पण तुमच्या मातीचं पाणी घातलं आणि खायला लागला.



"इतकी वर्सं उपाशी ठिवला व्हय गं त्याला?"

"उपाशी नाही हो अव्वा. दुसरं घालत होतो की. चांगलंचुंगलं."

"त्ये व्हय," ती म्हणाली. "आता घाला पोटभर. मी ठिवते, लाईट आली. उसाला पानी धरायचंय."